पडलेले झाड उचलायचे नाही
बायरिशर वाल्ड राष्ट्रीय उद्यान : एका शिकवणीचा इतिहास

महाराष्ट्रातून आई-वडील, सासू-सासरे किंवा जुने मित्र जर्मनीत आले, की त्यांना दाखवायच्या ठिकाणांची आपली यादी साधारण ठरलेली असते. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, ऱ्हाइनवरची बोटीची सफर, कलोनचे कॅथेड्रल, बर्लिनच्या भिंतीचे उरलेले तुकडे आणि वेळ उरलाच तर ब्लॅक फॉरेस्टमधली कुकू घड्याळे. बव्हेरियाच्या पूर्व टोकाला, चेक सीमेला पाठ टेकून बसलेले बायरिशर वाल्ड या यादीत सहसा नसते. ज्यांनी पाहुण्यांना तिकडे नेले असेल, त्यांना मात्र एक प्रश्न हमखास ऐकावा लागला असेल. "ही एवढी टापटिपीची माणसं, दारापुढचं पानसुद्धा झाडून काढतात, मग जंगलात ही शेकडो झाडं अशी आडवी का पडू दिली आहेत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. विशेष म्हणजे जर्मन पाहुणेही नेमका हाच प्रश्न विचारत आले आहेत, आणि आपल्यापेक्षा कितीतरी अधिक रागाने. या उद्यानात गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत जे निसर्गशिक्षण झाले, ते बव्हंशी या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात गेले. त्या उत्तराचा एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत पोहोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोजलेले रान

जर्मन माणसाला जंगलाचे वेड आहे असे आपण ऐकतो. ते खरे आहे, पण त्या वेडात हिशेबाचा वाटा मोठा आहे. १७१३ साली हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स या सॅक्सनीतल्या खाण-अधिकाऱ्याने जंगलाच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. फ्रायबेर्गच्या चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे, आणि आसपासचे डोंगर उघडे पडत चालले होते. जेवढे वाढते तेवढेच तोडावे, मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगावे, असा त्याचा सांगावा होता. आज जगभर ज्याला शाश्वत विकास म्हणतात, त्या कल्पनेचे मूळ या खाणवाल्याच्या हिशेबात शोधले जाते.

पुढे १८११ मध्ये हाइनरिख कोट्टा ड्रेस्डेनजवळच्या थारांटला आला आणि तिथे वनशास्त्राचे मोठे विद्यापीठ उभे राहिले. झाडांचा घेर मोजायचा, वय ठरवायचे, कोष्टके मांडायची, कोणता तुकडा कोणत्या वर्षी तोडायचा हे आधीच लिहून ठेवायचे. सरळ आणि लवकर वाढणारा स्प्रूस, म्हणजे इथला फिश्टे, हा या कोष्टकांचा लाडका. जिथे त्याचे मूळ घर नव्हते तिथेही तो रांगेने लावला गेला. मी स्वतः अभियांत्रिकीतला माणूस आहे. त्या जुन्या कोष्टकांपुढे माझी मान आदराने लवते. पण अशा जमाखर्चात पडलेल्या झाडाला एकच रकाना असतो : खराब होण्याआधी उचलायचा माल.

हे शास्त्र आपल्या घरापर्यंत आले ते बॉनच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर. डीट्रिख ब्रांडिस (१८२४–१९०७) हा १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानी जंगलांचा अधिकारी म्हणून गेला. तिथे हत्तीवर बसून तो जंगल पार करी आणि दिसेल त्या सागाची नोंद हातातल्या बांबूच्या कांड्यांवर खाच पाडून घेई. झाडांच्या प्रत्येक घेरासाठी वेगळी कांडी. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, १८७८ मध्ये डेहराडूनची वनशाळा त्याच्याच काळात सुरू झाली, आणि १८८३ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच्यानंतरचे श्लिख आणि रिबेनट्रॉप हे महानिरीक्षकही जर्मनच. राज्य इंग्रजांचे आणि जंगलाचे गणित जर्मन, असा तो मामला होता.

या गणितात गावकऱ्याची शेळी बसत नव्हती. ब्रांडिस निवृत्त झाला त्याच १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. त्यात त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, दऱ्या, गायराने सगळे खात्याच्या घशात गेल्यावर गरिबाने आपली जनावरे चारायची कुठे, हा त्यांचा सवाल होता. तो लक्षात ठेवावा; बायरिशर वाल्डमध्ये तो पुन्हा भेटणार आहे.

शाळामास्तरांची मागणी

जंगल फक्त लाकडासाठी नसून पाहण्या-शिकण्यासाठीही आहे, ही जाणीव जर्मनीत वाढवण्यात शिक्षकांचा हात मोठा होता. कीलचे शिक्षक फ्रीडरिख युंगे यांनी १८८५ मध्ये गावच्या तळ्यावर एक पुस्तक लिहिले. तोवर मुले प्राण्यांची नावे आणि दातांची संख्या पाठ करीत. युंगे म्हणाले, तळे हे एक कुटुंब समजा. बेडूक, शेवाळ, बदक आणि चिखल यांचे एकमेकांशी काय नाते आहे ते पाहा. आज आपली मुले इथल्या प्राथमिक शाळेत तळ्याकाठी जाऊन गाळणीने किडे पकडतात, त्यामागे हा धडा आहे.

दुसरे मास्तर ब्रेस्लाऊचे विल्हेल्म वेटेकांप. ते प्रशियाच्या विधिमंडळाचे सभासदही होते. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राखीव झाले होते. त्याचा दाखला देऊन १८९८ मध्ये त्यांनी विधिमंडळात मागणी केली, की सरकारनेही काही प्रदेश 'श्टाट्सपार्क', म्हणजे सरकारी उद्याने, म्हणून जसेच्या तसे राखावेत. सरकारने मागणी ऐकली आणि तिची आवृत्ती जरा लहान केली. १९०६ मध्ये हूगो कोनव्हेंट्स यांच्या हाताखाली एक कार्यालय निघाले. त्याचे काम एखादा जुना ओक, एखादी शिळा, एखादी दलदल अशी 'निसर्गस्मारके' जपण्याचे होते. मोठे उद्यान काही झाले नाही. पुढे दोन महायुद्धे आली आणि देशाची फाळणी झाली.

शेवटी जर्मनीला पहिले राष्ट्रीय उद्यान मिळाले ते १९७० मध्ये. वेटेकांप यांच्या भाषणानंतर ७२ वर्षांनी. आपल्या विदर्भातले ताडोबा १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यान झाले होते, हे इथल्या शेजाऱ्यांना सांगताना मला दर वेळी थोडासा आनंद होतो.

प्राणी दाखवा, पाहुणे येतील

बव्हेरियाच्या विधिमंडळाने ११ जून १९६९ रोजी ठराव केला आणि ७ ऑक्टोबर १९७० रोजी उद्यानाचे उद्‌घाटन झाले. क्षेत्र सुमारे १३ हजार हेक्टर. त्यात राखेल (१४५३ मीटर) आणि लूझेन (१३७३ मीटर) ही दोन शिखरे. या कामी निसर्गसंरक्षक हुबर्ट वाइन्त्सिर्ल आणि फ्रांकफुर्ट प्राणिसंग्रहालयाचे बेर्नहार्ड ग्झिमेक यांनी जंग जंग पछाडले. सेरेंगेटीवरच्या चित्रपटाला ऑस्कर मिळवणारे ग्झिमेक त्या वेळी दूरचित्रवाणीमुळे घराघरात ठाऊक होते.

स्थानिक लोकांनी होकार दिला त्यामागे पोटाचा प्रश्न होता. एका बाजूला पोलादी पडदा, दुसऱ्या बाजूला दूरची शहरे, मध्ये काचेच्या भट्ट्या आणि लाकूडतोड. तरुण पोरे म्युनिककडे निघून जात. उद्यान झाले तर पर्यटक येतील, ही आशा होती. पर्यटकाला काहीतरी दिसले पाहिजे, म्हणून नॉयशोनाऊजवळ प्रशस्त कुंपणांत लांडगे, अस्वले, लिंक्स आणि युरोपीय गवे ठेवले गेले. उद्यानाचे पहिले प्रमुख हान्स बिबेलरीटर हे स्वतः वनाधिकारी. १९९८ पर्यंत ते या कामावर होते. त्यांच्या काळात शाळेच्या मुलांसाठी जंगलात मुक्कामाचे घर झाले, पायवाटा आखल्या गेल्या, आणि १९८२ मध्ये नॉयशोनाऊचे माहिती केंद्र उघडले. पुढे त्याला हान्स आयझेनमान यांचे नाव देण्यात आले.

इथवरचे शिक्षण सोपे होते. हा लिंक्स, हा सुतारपक्षी, हे फरचे झाड, ते बीचचे. अशा शिक्षणावर कोणी रागावत नाही, कारण ते ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही.

१ ऑगस्ट १९८३

त्या दिवशी उद्यानावर वादळ आले आणि हजारो स्प्रूस मुळासकट आडवे झाले. वनशास्त्राचा नियम स्पष्ट होता : ताबडतोब उचला, विका, नाहीतर कीड लागेल. आयझेनमान त्या वेळी बव्हेरियाचे शेती आणि वनमंत्री होते. जंगलाच्या आतल्या भागात पडलेली झाडे तशीच राहू द्यायची, असा निर्णय त्यांनी दिला. आपल्या नातवंडांना खरे आदिम अरण्य पाहायला मिळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जंगलाच्या हिशेबावर पोसलेल्या खात्याच्या मंत्र्याने एवढे लाकूड सोडून द्यावे, ही बव्हेरियात लहान गोष्ट नव्हती.

मग कीड लागली. हा साल पोखरणारा भुंगेरा तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. जर्मनमध्ये त्याला 'बूखड्रुकर', म्हणजे पुस्तके छापणारा म्हणतात. तो सालीखाली एक उभी वाट कोरतो, तिच्या दोन्ही बाजूंना अंडी घालतो आणि अळ्या आडव्या ओळी कोरत जातात. साल उचकटली तर छापील पानासारखे दिसते. धडधाकट स्प्रूस राळ सोडून त्याला बुडवतो. पण पडलेल्या, तहानलेल्या झाडाकडे तेवढी राळ नसते. कोरडा, उष्ण उन्हाळा मिळाला की भुंगेऱ्याच्या एका हंगामात दोन-तीन पिढ्या होतात, आणि मग संख्येच्या जोरावर तो उभ्या, निरोगी झाडांनाही आवरत नाही. १९९० च्या दशकात लूझेन आणि राखेलच्या माथ्यावरचे स्प्रूस हजारो हेक्टरांवर वाळून करडे झाले.

स्थानिक लोक स्वतःला वाल्डलर म्हणवतात, म्हणजे रानातले. त्यांच्या दृष्टीने हा केवळ मतभेद नव्हता. ज्या रानात आजोबांनी घाम गाळला, ते रान सरकार डोळ्यांदेखत मरू देत होते. उद्यानाशेजारी ज्यांची खाजगी झाडी होती, त्यांना भुंगेरा हद्द ओळखत नाही हे पक्के ठाऊक होते. १९९७ मध्ये उद्यान वाढवून सुमारे २४ हजार हेक्टर केले, तेव्हा गावोगावी विरोधाच्या सभा झाल्या. फुल्यांचा सवाल इथेही उभा होता : वरून आलेल्या शहाण्यांच्या प्रयोगाची किंमत कोणी द्यायची?

या विरोधातून काही शहाणपण दोन्ही बाजूंना आले. उद्यानाच्या कडेने निदान ५०० मीटरचा पट्टा ठेवून तिथे आजही भुंगेऱ्याची झाडे शोधून काढली जातात, म्हणजे शेजाऱ्याच्या रानाला झळ कमी पोहोचते. विस्तारित भागात हात काढून घेण्याची गती मुद्दाम मंद ठेवली गेली. आणि शिकवण्याची पद्धत बदलावी लागली, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे.

फलकाकडून पायवाटेकडे

मेलेल्या जंगलापुढे माहितीचा फलक लावून कोणाचे समाधान होत नाही. 'नाटूर नाटूर झाइन लास्सेन', म्हणजे निसर्गाला निसर्ग राहू द्या, हे या उद्यानाचे घोषवाक्य. पण घोषवाक्याने वाल्डलरचे दुःख हलके होणार नव्हते. म्हणून लोकांना थेट त्या पडझडीतच नेण्याचे ठरले. श्पीगेलाऊच्या बाजूला 'झेलेनश्टाइग' नावाची लाकडी फळ्यांची वाट आहे. 'आत्म्याची पायवाट' हे नाव जरा भारदस्त वाटते, पण ती जाते मात्र सरळ वादळाने आणि किडीने पाडलेल्या जंगलाच्या पोटातून. खोड कुजताना दिसते, त्यावर उगवलेले रोप दिसते, आणि फळीवरून पाय खाली टाकायचा नाही एवढा एकच नियम असतो. पुढे २००२ मध्ये फाल्केनश्टाइनच्या पायथ्याशी मुलांसाठी झाडावरची घरे आणि जमिनीतली खोली असलेले रानातले शिबिर सुरू झाले, २००६ मध्ये लुडविग्सटालला दुसरे केंद्र झाले, आणि २००९ मध्ये नॉयशोनाऊला झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी १३०० मीटरची वाट आणि ४४ मीटरचा मनोरा. मनोऱ्यावरून लूझेनचा करडा माथा आणि त्यात खालून वर येणारी हिरवळ एका नजरेत दिसते.

दुसरा बदल माणसांचा. फेऱ्या घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांना इथे वाल्डफ्यूरर म्हणतात. त्यांतले बरेच जण आसपासच्या गावचेच. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबे मुलांना घेऊन अशा एका फेरीला गेलो होतो. आमच्या वाटाड्या बाई पन्नाशीच्या, आजोबा लाकूडतोडे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, की आजोबा हे रान बघून रडले होते आणि त्यांचे रडणे त्यांच्या दृष्टीने बरोबरच होते. असे सांगणारा माणूस पुढे काय म्हणतो ते ऐकावेसे वाटते.

मग त्यांनी मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले. एकाने दुसऱ्याला हात धरून एका झाडापाशी न्यायचे. डोळे बांधलेल्याने खोडाला कवेत घ्यायचे, साल चाचपायची, वास घ्यायचा, मुळांपाशी हात फिरवायचा. परत आल्यावर रुमाल सोडून आपले झाड शोधून काढायचे. हा खेळ जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन शिक्षकाच्या १९७९ च्या पुस्तकातून जगभर पसरला. आमच्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलीला जे झाड मिळाले ते मेलेले होते. तिने ते सर्वांत आधी ओळखले. का, विचारले तर म्हणाली, "बाकीची गार होती, हे मऊ होतं आणि आत कोणीतरी राहतंय." बाईंनी हळूच सालीचा तुकडा उचलून छापील ओळी दाखवल्या. पाहुण्यांच्या त्या नेहमीच्या प्रश्नाला मी आजवर दिलेल्या सर्व शास्त्रीय उत्तरांपेक्षा हे उत्तर वरचढ होते.

आणि रान उगवले

करड्या खोडांखाली कोणी न लावता हजारोंनी रोपे आली. माथ्यावर पुन्हा बहुतांशी स्प्रूसच आला, पण या वेळी रांगेत नाही. लहान-मोठा, मध्येच मोकळी जागा, मध्येच रोवनची लाल फळे. मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या बुरश्या आणि भुंगेरे परतले. तीन बोटांच्या सुतारपक्ष्याला खायला भरपूर मिळू लागले. पर्यटक पळून जातील ही भीती खरी ठरली नाही. वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक येतात. सीमेपलीकडे १९९१ मध्ये चेक बाजूने शुमावा राष्ट्रीय उद्यान केले, त्यामुळे दोन्ही मिळून मध्य युरोपातला सलग राखलेल्या जंगलाचा सर्वांत मोठा पट्टा झाला आहे.

म्हणून सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. उन्हाळे तापत चालले आहेत, आणि जर्मनीत इतरत्र, जिथे स्प्रूस कोष्टकासाठी लावला होता, तिथे २०१८ नंतरच्या कोरड्या वर्षांत त्याची दाणादाण उडाली. तिथल्या शेतकऱ्याला 'निसर्गाला निसर्ग राहू द्या' हे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. सोडून देणे हे सगळीकडचे औषध नाही. पण ते कुठेतरी करून पाहिल्याशिवाय जंगल स्वतःहून काय करते, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

आपली देवराई

आता सह्याद्री. पडलेले झाडसुद्धा उचलायचे नाही, हा नियम आपल्याला नवा आहे का? कोकणात, मावळात, कोल्हापूरच्या डोंगरांत ग्रामदेवतेच्या राईत कुऱ्हाड बंद असे; अनेक ठिकाणी वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा जगातल्या शास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले. त्याच्याही आधी, बॉनला परतलेल्या म्हाताऱ्या ब्रांडिसनेच कूर्ग आणि खासी टेकड्यांतल्या देवरायांबद्दल लिहून ठेवले होते. ज्याने आपल्याला झाडे मोजायला शिकवली, त्याने न मोजलेली रानेही पाहिली होती.

फरक एवढाच, की आपल्याकडे हा नियम देवाच्या धाकाने टिकला. धाक होता तोवर शिकवणीची गरज पडली नाही, आणि धाक ओसरला तेव्हा शिकवणी तयार नव्हती. कित्येक राया रस्त्याखाली, देवळाच्या सिमेंटी जीर्णोद्धाराखाली गेल्या. बायरिशर वाल्डमध्ये धाक नव्हता. म्हणून चार दशके समजावत बसावे लागले. भांडावे लागले, ऐकून घ्यावे लागले, लाकूडतोड्याच्या नातीला वाटाड्या करावे लागले. जंगल राखायचे तर जवळच्या माणसाला बरोबर घ्यावे लागते, नाहीतर फुल्यांचा असूड पाठीवर बसतोच. देवराई गावाची होती, खात्याची नव्हती, हे तिच्या टिकण्याचे दुसरे कारण आहे.

इथे वाढणारी आपली मुले फिश्टे आणि बूखे झटकन ओळखतात. शाळा, वाटाडे आणि ही उद्याने ते काम चोख करतात. राई, गायरान, राळ, साल, सुतारपक्षी हे शब्द त्यांना देणारे मात्र आपल्याखेरीज कोणी नाही. मारुती चितमपल्लींनी आयुष्य रानात घालवून पक्ष्यांची, झाडांची मराठी नावे जमवून ठेवली. त्यांची पुस्तके पुढच्या मायदेशवारीत सामानात टाकायला जड नाहीत.

तेव्हा मंडळी, येत्या उन्हाळ्यात दोन दिवस काढा. प्लाटलिंगहून वाल्डबानने त्स्वीझेलमार्गे ग्राफेनाऊपर्यंत जाता येते, पुढे उद्यानाच्या बसगाड्या आहेत. उद्यानाला प्रवेशमूल्य नाही. शेंड्यांवरच्या वाटेला तिकीट पडते. आधी फेरीसाठी नाव नोंदवा, बूट चांगले घाला, आणि पाहुण्यांनी तो प्रश्न विचारला की घाईने उत्तर देऊ नका. त्यांना एखाद्या पडलेल्या खोडापाशी पाच मिनिटे बसू द्या, आणि मग आपल्या गावच्या राईची गोष्ट त्यांनाच सांगायला लावा. मुले ऐकत असतील.